खिडकी सभेची, भिंत चित्राची

मागच्या अंकात जाता जाता चार ओळी लिहून गेलो होतो. मुंबईला गेलात तर काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बघा, ते एका जुन्या सार्वजनिक सभागृहात बसवलंय, एवढंच. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही कौतुकाची, बरीच तक्रारीची. कौतुकाची ठेवून दिली. तक्रारीची या अंकात घेतो.

प्रश्न : सर, तुमचं वाचून दिवाळीनंतर गेलो. मी, आमचे हे आणि सासूबाई. मुलगी डोंबिवलीला असते, तिने रस्ता दाखवला. तिकीट काढलं, आत गेलो आणि वीस मिनिटांत बाहेर आलो. आत अंधार. जुनं काही दिसेना, चित्रं काही कळेनात. सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "आठे काय शे देखाले?" पहारेकरीसुद्धा हसला. आमचे हे अजून ऐकवतात. आमचं काय बघायचं राहिलं? — एक वाचक, पारोळा

ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे मोठ्याने विचारलं ते तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात असतं. फक्त ते लोक पाठीमागे हात बांधून, मान तिरपी करून उभे राहतात.

त्या इमारतीशी माझी ओळख झाली तीच फजितीतून. १९९९ सालची गोष्ट. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची बावीस पोरं घेऊन मी अमळनेरहून निघालो होतो. जळगावला गाडी बदलली, रात्रभर अवघडून बसलो, सकाळी व्हीटीला उतरलो. नाव तेव्हा सीएसटी झालेलं होतं, पण आमच्या तोंडी व्हीटीच. स्टेशनातच तोंडं धुतली, कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि पायी काळा घोड्याला गेलो. दार बंद. वार सोमवार. असली संग्रहालयं सोमवारी बंद असतात हे या चित्रकलेच्या मास्तराला ठाऊक नव्हतं. पोरांच्या आईबापांकडून पैसे घेतलेले, तेव्हा तोंड कुठे लपवू असं झालं. मग रुबाबात म्हणालो, "आज बाहेरून काढायचं. बसा फूटपाथवर." बसली बिचारी. खिडक्या मोजा, कमानी मोजा, मग पेन्सिल उचला, अशी आज्ञा सोडली.

बावीस पोरांनी खिडक्या मोजल्या आणि बावीस उत्तरं आली. कोणी तावदानं मोजली, कोणी नुसत्या कमानी, एकाने शेजारच्या इमारतीच्याही धरल्या. तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, "सर, एवढ्या खिडक्या आहेत, मग आत चित्रं लावायला भिंत कुठे?" वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा. आता सुरतेला साड्यांची डिझाइनं काढतो.

ताई, तुमच्या अंधाराचं उत्तर त्या पोराच्या प्रश्नात आहे. तो हॉल चित्रांसाठी बांधलेलाच नव्हता. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभा राहिलेला, १९११ सालचा, जॉर्ज विटेट यांनी आखलेला सार्वजनिक हॉल. हेच विटेट पुढे गेटवे ऑफ इंडियाचे, आणि रस्त्यापलीकडच्या म्युझियमचेही, ज्याला आपण अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतो. हॉल कशासाठी? सभा, व्याख्यानं, गाण्याच्या मैफली. पंख्यांचा जमाना नुकता कुठे सुरू झालेला. शेकडो माणसं एका छताखाली बसवायची तर वारा हवा आणि उजेड हवा, म्हणून उंच छत आणि मोठ्या खिडक्या.

पुढे गावात नवी नाट्यगृहं, नवे हॉल झाले. रस्त्यावरची वर्दळ वाढली. उघड्या खिडकीतून मोटारींचे भोंगे आत येऊ लागले तर गवयाने गावं कसं? मैफली गेल्या. मग तिथे लग्नं लागली, सेल लागले, कामगारांच्या सभा झाल्या. नंतर बराच काळ डागडुजी चालली आणि १९९६ साली संग्रहालय म्हणून दार उघडलं.

आता गंमत बघा. सभेला खिडकी लागते, चित्राला भिंत लागते. सभेला उजेड लागतो आणि चित्राला उजेडाचीच भीती. कागदावरचं जलरंगाचं चित्र ठेवायचं तर जगभरच्या संग्रहालयांत साधारण ५० लक्सपर्यंतच प्रकाश ठेवतात. लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. तैलचित्राला जरा जास्त, २०० च्या आसपास. आपल्या अंगणातलं वैशाखातलं ऊन लाखभर लक्सचं असतं. तेवढ्या उजेडात जलरंगाचं चित्र टांगून ठेवलं तर काही दिवसांतच त्यातला गुलाबी उडून जाईल. दारावर वाळत घातलेल्या साडीचा रंग एका बाजूने कसा उतरतो ते तुम्ही बघितलंयच.

म्हणून जुन्या हॉलच्या पोटात दुसरी इमारत बसवली आहे. बाहेरची दगडी काया जशीच्या तशी, आत अर्धगोल गॅलऱ्या, एकीच्या वर दुसरी, जिन्याने चढत जायच्या, आणि सगळ्यात वर घुमट. विहिरीच्या कठड्यावरून फिरत फिरत वर यावं तसं होतं. तुम्हाला "जुनं काही दिसेना" ते यामुळे. जुनं बाहेर आहे. तुम्ही टॅक्सीतून उतरून थेट तिकीट खिडकीला भिडलात, म्हणजे अर्धं बघण्यासारखं पाठीमागेच राहिलं.

पुढच्या वेळी असं करा. आधी रस्त्यापलीकडे उभं राहून दहा मिनिटं नुसती इमारत बघा. दगडाचे थर बघा, दोन दगडांमधला सांधा किती बारीक आहे ते बघा. मग आत जा आणि पहिल्या चित्राकडे धावू नका. अजिंठ्याला गेला असालच. लेण्यात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत आपण दाराशी थबकतो ना? सुरुवातीला नुसता काळोख, मग हळूच पद्मपाणीचा खांदा दिसायला लागतो. तसंच दोन मिनिटं थांबायचं. मग जिन्याने वर जाताना एकच खेळ खेळा. जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते शोधा. नवी भिंत जुनीला चिकटलीय की हात राखून उभी आहे? आतून खिडक्यांची जागा ओळखता येते का? जिथे असा जोड सापडेल तिथे काम करणाऱ्याचं डोकं दिसतं.

आणि चित्रं? सगळी बघायची नाहीत. प्रदर्शनं बदलत असतात, त्यामुळे काय लागलेलं असेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही. तीन निवडा. एक आवडलेलं, एक अजिबात न आवडलेलं, आणि एक सासूबाईंनी निवडलेलं. तिघांपुढे पाच पाच मिनिटं उभं राहा. बाजूची पाटी शेवटी वाचा. मी मुलांना कायम हेच सांगत आलो, आणि न आवडलेल्या चित्राबद्दलच पोरं परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत भांडत यायची.

एक राहिलं. तुमच्या यजमानांना तिकिटाची हळहळ फार वाटत असेल तर रस्ता ओलांडून जहांगीर आर्ट गॅलरीत न्या. १९५२ पासून आहे. तिला पैसा पुरवणारे सर कावसजी जहांगीर याच घराण्यातले, नाव तेच, पिढी पुढची. तिथे आत जायला तिकीट नाही.

प्रश्न : मुंबईचा टाऊन हॉल नक्की कोणता? आमच्या शेजारचे म्हणतात तो पायऱ्यांचा. तुम्ही लिहिता वेगळाच. पैज लागली आहे. — एक वाचक, धरणगाव

शेजारी जिंकले. मुंबईत टाऊन हॉल म्हटलं की हॉर्निमन सर्कलसमोरची पांढरी, भल्या थोरल्या खांबांची इमारत. कर्नल कूपर यांनी आखली, १८३३ साली पुरी झाली. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिथेच. रुंद तीस पायऱ्या आहेत आणि सिनेमावाल्यांनी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या म्हणून इतक्यांदा दाखवलंय की खेड्यातला माणूस तिथे गेला की वकील शोधतो. मी लिहिलं तो कावसजी जहांगीर हॉल, तिथून पायी पंधरा मिनिटांवर. काम तेच, गावाने एकत्र बसायचं, पण नाव टाऊन हॉल नव्हे. पैज शेवभाजीची असेल तर मलाही कळवा.

प्रश्न : आमच्या गावात नगरपालिकेचा जुना सभागृह-हॉल आहे. दगडी भिंती, छताला सागवानी कैच्या म्हणजे लाकडी सांगाडा, वर मंगलोरी कौलं. आता निधी आलाय आणि तिथे "कला दालन" करायचं ठरतंय. ठेकेदार म्हणतो आतून पक्कं सिमेंट प्लास्टर, खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपीचं छत. आम्ही चार-पाच जण मीटिंगला जाणार आहोत. काय बोलायचं? — एक वाचक, शिरपूर तालुका

भाऊ, तुमच्या पत्राला मी तीनदा हात घातला आणि तीनदा खाली ठेवलं. राग आला की माझं अक्षर बिघडतं.

मी मास्तर असलो तरी गवंड्याचा पोरगा. वडील चुन्यात काम करायचे. ती बहुधा शेवटचीच पिढी. आमच्याकडे घाणी होती. जमिनीत गोल चर खणलेला, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. चरात विरलेला चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. बैल फिरायचा, चाक दळायचं, आम्ही पोरं पाणी शिंपडायचो. त्या पाण्यात बेलफळाचा गर भिजवलेला असे, कधी गूळ. गूळ चोरून खाल्ल्याबद्दल मार खाल्लेलाही आठवतो. वडील मधूनच बैल थांबवायचे, थापीवर गोळा घ्यायचे आणि थापी उलटी करायचे. गोळा टपकन पडला तर बैल पुन्हा सुरू. थापीला धरून राहिला, हळूहळू लोंबायला लागला पण सुटला नाही, की म्हणायचे, "आते जमनं." तोवर एक दगड बसायचा नाही.

हे आठवणीपुरतं सांगत नाही. तुमच्या हॉलच्या भिंतीत तोच चुना असणार. चुनखडी भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवला की फुलतो, आणि भिंतीत गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड व्हायला लागतो. हे काम महिनोन् महिने, जाड भिंतीत वर्षानुवर्षं चालतं. असा चुना मऊ असतो. दमट हवा आत घेतो आणि बाहेर टाकतो. पावसाळ्यात जमिनीतून भिंतीत ओल चढली तर हिवाळ्यात तिला बाहेर पडायला वाट असते.

त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ती वाट बुजली. ओल आतल्या आत वर सरकते, सिमेंटच्या काठावरून बाहेर फुटते, सोबत क्षार आणते, आणि भिंतीला लोणा लागतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुठलं गाव ते विचारू नका. तिथेही असाच जुना हॉल, असाच निधी. चार फुटांपर्यंत सिमेंट, वर समुद्री हिरवा ऑइल पेंट, झोकात उद्घाटन. पहिलं प्रदर्शन आमच्या शाळेच्या पोरांच्या चित्रांचं. दोन पावसाळे गेले, पुन्हा तिथेच प्रदर्शन लावलं, आणि पंधरा दिवसांनी चित्रं उतरवायला गेलो तर एका मुलीच्या जलरंगातल्या आभाळात पांढरा ढग उमटलेला. सुंदर ढग. तिने काढलेला नव्हता. मागच्या भिंतीचा लोणा कागदातून पुढे आला होता. बोटाने पुसला तर बोटावर मीठ.

तेव्हा मीटिंगमध्ये असं बोला. सौंदर्याचं, वारशाचं काही बोलू नका. त्यावर सगळे माना डोलावतात आणि ठराव आहे तसाच पास करतात. पाण्याचं बोला. विचारा, आज हॉलात पाणी कुठून येतं? कौलं फुटलीत का, पन्हळ गंजलंय का, बाहेरच्या रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून रस्ता हॉलच्या जोत्याच्या वर गेलाय का? आपल्या गावोगावी हे शेवटचं झालेलं आहे. हॉल खचत नाही, रस्ता वर येतो, आणि पावसाचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी तुंबतं. आधी ते काढा. निम्मं दुखणं तिथेच बरं होतं आणि त्याला टाइल लागत नाही.

मग म्हणा, कोपऱ्यातली हातभर भिंत नमुना म्हणून करून दाखवा. चुन्यात, एक. तुमच्या सिमेंटात, एक. एक पावसाळा जाऊ द्या. ठेकेदार हसेल. हसू द्या. मार्चअखेर पैसे खर्चायचेत असं साहेब म्हणतील, तेही खरंच असतं, त्यांचा नाइलाज असतो. तेव्हा म्हणा, या वर्षीचे पैसे कौलं, पन्हळ आणि गटारावर खर्चा. भिंती पुढच्या वर्षी. आणि चुन्याचं काम निघालंच तर वैशाखात काढू नका. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत चुना धरायच्या आधीच वाळतो आणि भुगा होतो. ओली गोणपाटं टांगून तो सांभाळावा लागतो.

पीओपीच्या छताला मात्र सरळ विरोध करा. सागवानी कैची ही त्या हॉलची शान आहेच, पण ती झाकली की वाळवी कधी लागली हे खालून कळत नाही. उघडं लाकूड दिसतं, म्हणून जपलं जातं. फरशी शहाबादी असेल तर उचलू नका. उखडलेल्या तेवढ्या बदला.

आणि वर पारोळ्याच्या ताईंना लिहिलं ते इथे लागू पडतं. तुमच्याही हॉलला खिडक्या आहेत आणि चित्रांना भिंत लागणार. म्हणून खिडक्या विटांनी बुजवायला निघतील. बुजवू देऊ नका. आतून हातभर अंतर सोडून लाकडी चौकटीचे पडदे-फलक उभे करा, त्यावर चित्रं टांगा. जुन्या भिंतीत एक खिळा ठोकायचा नाही. ओल आली तरी चित्रापर्यंत पोचत नाही. आणि ज्या दिवशी कीर्तन असेल त्या दिवशी फलक बाजूला, खिडक्या उघड्या. खान्देशातल्या गावाला नुसतं चित्रांचं दालन परवडत नाही. तिथे सकाळी रक्तदान, दुपारी बचतगटाची मीटिंग आणि रात्री भारूड व्हायलाच हवं. नाहीतर किल्ली शिपायाच्या खिशात जाते आणि हॉल पुन्हा गोदाम होतो.

मीटिंगचं काय झालं ते कळवा. नाव छापणार नाही.

प्रश्न : आठवी-नववीची चाळीस मुलं घेऊन अशी एखादी वास्तू दाखवायची आहे. मुंबई झेपणार नाही. दुसरं काय? — एक शिक्षिका, चोपडा

बाई, दोन दिवस आणि थोडा जास्त पैसा असेल तर कोल्हापूर. महाराष्ट्र एक्सप्रेस जळगावहून थेट तिथे नेते. तिथला टाऊन हॉल १८७२ ते १८७६ मध्ये बांधला. आखणारे मेजर मँट, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. टोकदार कमानी, दोन बाजूंना उंच निमुळते मनोरे, भोवती बाग आणि बागेत तोफा. मुलांना तोफा आवडतात, हे धरून चाला. १९४९ पासून आत वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं तेव्हा सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची वीतभर ब्राँझची मूर्ती या संग्रहातली. पंचगंगेच्या काठी समुद्रदेव कसा आला, हे मुलांनाच विचारा. व्यापाराचा अख्खा धडा त्यातून निघतो. अबालाल रहिमान यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांचं कामही तिथे आहे.

मुंबईच्या अगदी उलट गोष्ट इथे आहे. मुंबईला पोट बदललं आणि कातडी ठेवली. कोल्हापूरला हॉल हॉलच ठेवला आणि वस्तू आणून मांडल्या. आत उभं राहिल्यावर इथे सभा कशी भरत असेल ते दिसतं. मला विचाराल तर मुलांना हे आधी दाखवावं.

एकच दिवस असेल तर चाळीसगाव. सभागृह नाही, घर आहे, पण चालेल. केकी मूस यांचं घर. जन्म १९१२, मृत्यू १९८९. पारशी माणूस, छायाचित्रकार, आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षं स्टेशनजवळच्या त्या बंगल्याबाहेर क्वचितच पडला. पंजाब मेलने कोणीतरी येणार होतं म्हणून रोज त्या गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवायचे, असं गाव सांगतं. तुमच्या वर्गातल्या मुली ही गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतील. तुम्ही त्यांना टेबलटॉप छायाचित्रांपुढे उभं करा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, दिवा योग्य जागी ठेवून त्यांनी अख्खा निसर्ग उभा केलाय. शाळेत परतल्यावर कापूस, काटक्या आणि एक मोबाईल दिला की मुलांना आठवडाभर काम मिळतं. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा. चाळीस मुलं एकदम त्या खोल्यांत मावत नाहीत, दहा-दहा करा. बाकीच्या तिसांना सांभाळायला मदतीला एक पीटीचे सर न्या. अनुभवाचे बोल.

धुळ्याच्या राजवाडे मंडळाचं, म्हणजे तिथल्या इतिहास संशोधन संस्थेचं, मी सांगत बसत नाही. तिथे तुम्ही गेलाच असाल. नसाल तर आधी तिथे.

प्रश्न : इंग्रजांनी बांधलेल्या इमारतींचं तुम्हाला एवढं कौतुक का? पाडा आणि आपलं बांधा. — एक वाचक, रावेर

दादा, तुमच्या शेजारच्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया, गावातल्याच सामानातून ते सगळं नगर सजवलं. पंडित नेहरू अध्यक्ष. आपल्या मातीतलं, आपल्या हातांचं त्याहून मोठं कलाकेंद्र खान्देशात झालेलं मला तरी ठाऊक नाही. आज फैजपूरला जाऊन त्यातला एक बांबू दाखवा. बांबूचंच होतं, राहणार नव्हतं, ते मान्य. पण मग जे दगडाचं आहे ते तरी का पाडायचं? आणि कावसजी जहांगीर हॉलला पैसा पारशी माणसाचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल उभा राहिला संस्थानात. नकाशा साहेबाचा असेल, पण दगडावर टाकीचे घाव कोणाच्या हातचे? माझ्या बापासारख्यांचे. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, म्हणून तर मी सांधे बघायला सांगतो.

प्रश्न : आपण सांगितल्याप्रमाणे गेलो. सोमवार होता. बंद. रिक्षा, टॅक्सी आणि एक रजा वाया. सोमवारी बंद असतं हे आपण छापायला हवं होतं. — एक वाचक, भुसावळ

चूक माझी. पुरती माझी. वर ज्याची फजिती रंगवून सांगितली, त्याच मास्तराने मागच्या अंकात वार लिहिला नाही. सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना बंद असतं. कोल्हापूरचंही सोमवारी बंद.

समोरच्या फूटपाथवर थोडा वेळ थांबला असाल आणि खिडक्या मोजल्या असतील, तर आकडा कळवा. माझ्याकडे बावीस उत्तरं आहेत, आणि त्या दिवशी पोरांना रांगेत उभं करण्याच्या नादात मी स्वतः मोजल्याच नाहीत.